अळीला सवय लागत नाही

नोव्हेंबरातली सकाळ होती. काकांनी पऱ्हाटीवरचं, म्हणजे कपाशीच्या झाडावरचं, एक हिरवं बोंड तोडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडलं. बाहेरून बोंड एकदम निरोगी दिसत होतं. ना डाग, ना छिद्र. आत मात्र चारातली एक पाकळी काळपट आणि चिकट झाली होती. ओला कापूस पिवळा पडला होता, सरकी पोखरलेली होती आणि त्या पोकळीत अर्ध्या इंचाची गुलाबी पट्ट्यांची अळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी, अंग आखडून बसली होती. काका तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अळीले आता बीटीची सवय झाली."

हे वाक्य मी कृषी केंद्रात ऐकलं आहे, एसटीत ऐकलं आहे, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. दारूची सवय लागते, चहाची लागते, तशी अळीला विषाची लागली, असा त्याचा अर्थ. काकांवर माझा जीव आहे आणि कापूस त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो. पण हे वाक्य चुकीचं आहे. नुसतं शब्दांपुरतं चुकीचं असतं तर मी गप्प बसलो असतो. या चुकीमुळे उपायही चुकतात, म्हणून हा लेख.

आधी बीटी म्हणजे काय ते बघू. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. जर्मनीतल्या थुरिंगिया या प्रदेशावरून त्याला हे नाव मिळालं. तो 'क्राय' गटातली प्रथिनं तयार करतो. ती बनवण्याची सूचना, म्हणजे जनुक, कपाशीत घातलं की झाडाच्या पानाफुलांत आणि बोंडांत हे प्रथिन तयार होऊ लागतं. अळीने पान किंवा बोंड कुरतडलं की प्रथिन तिच्या पोटात जातं. तिच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, त्यात ते विरघळतं, तिथल्या पाचकरसांनी कापलं जातं आणि मग आतड्याच्या आतल्या भिंतीवरच्या काही ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतं. त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. चिकटल्यावर भिंतीला भोकं पडतात, अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. आपल्या पोटातला रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात या विषाला बसायला तशी जागाही नाही, त्यामुळे माणसाला हे लागू पडत नाही.

कुलूप आणि किल्लीसारखं आहे हे. विष ही किल्ली आणि कॅडहेरिन हे कुलूप. आता अशी एखादी अळी डोळ्यासमोर आणा जिचं हे कुलूप जन्मापासूनच बिघडलेलं आहे. किल्ली आत जातच नाही. ती अळी बीटी कपाशी खाते आणि तिला काही होत नाही. तिने काही शिकलेलं नाही, काही सोसून अंगवळणी पाडलेलं नाही. आईबापांकडून तिला जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली, इतकंच.

अशी प्रत येते कुठून? पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चूक राहून जाते, जशी हाताने सातबारा उतरवून घेताना एखादा आकडा चुकावा. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही, काहींनी नुकसान होतं. एखादी चूक मात्र एखाद्या विशिष्ट परिस्थितीत उपयोगी पडते. ही चूक गरज बघून होत नाही. विष असो वा नसो, ती तिच्या गतीने होत राहते. आपल्या शेतात बीटी येण्याच्या कितीतरी आधी, जगात बीटी कपाशी नव्हतीच तेव्हाही, लाखो अळ्यांमध्ये एखादी बिघडलेल्या कुलपाची असणारच.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी हा प्रश्न एका सुंदर प्रयोगाने सोडवला. जिवाणूंना मारणारा विषाणू त्यांनी घेतला. वेगवेगळ्या नळ्यांमध्ये थोडे थोडे जिवाणू स्वतंत्रपणे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणूच्या थरावर पसरवले. विषाणूशी गाठ पडल्यावर जिवाणू 'शिकत' असतील, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचायला हवे होते, कारण शिकण्याची संधी सगळ्यांना सारखीच होती. पण तसं झालं नाही. कित्येक नळ्यांतून एकही वाचला नाही, काहींतून दोनचार वाचले आणि एखाद्या नळीतून शंभराच्या वर. याचा अर्थ एकच निघतो. त्या भाग्यवान नळीत चूक लवकरच्या पिढीत होऊन गेली होती, विषाणू येण्याच्या आधीच, आणि तिची पिलावळ वाढून बसली होती. विषाणूने कुणाला शिकवलं नाही, फक्त बाकीचे मारले. या दोघांना आल्फ्रेड हर्शी यांच्यासह १९६९ साली नोबेल मिळालं.

मला विचाराल तर नैसर्गिक निवड समजायला हा एक प्रयोग पुरतो. फरक आधीपासून असतात. परिस्थिती त्यातले काही ठेवते, काही काढून टाकते. जे उरतात त्यांची पिल्लं पुढच्या पिढीत जास्त असतात. अळी बदलत नाही, अळ्यांची वस्ती बदलते.

आता आपल्या शेतात या. हिशोब सोपा आहे, पण नीट करावा लागतो. प्रत्येक अळीला कुलपाच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत चांगली असेल तरी कुलूप चालतं आणि विष बसतं. दोन्ही बिघडलेल्या असतील तेव्हाच अळी पूर्ण सुटते. समजा, हजारातली एक प्रत बिघडलेली आहे. हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे. मग दहा लाख अळ्यांत दोन्ही प्रती बिघडलेली सरासरी एकच निघेल. एक बिघडलेली आणि एक चांगली अशी जोडी असलेल्या जवळपास दोन हजार असतील. बाकी सगळ्या धडधाकट, म्हणजे बीटीपुढे मरणाऱ्या.

दहा लाखांत एक म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण महाराष्ट्रात कपाशीचं क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टर आहे. एवढ्या क्षेत्रात जवळजवळ सगळीकडे बीटीच लावली, तर दहा लाखांतल्या त्या एकट्या अळ्याही सगळीकडे मिळून भरपूर होतात. शिवाय त्यांच्याभोवती स्पर्धक उरलेले नसतात. त्यांचे पतंग झाले की जोडीदार म्हणून सापडतात ते त्यांच्यासारखेच वाचलेले. दोन्ही आईबाप बिघडलेल्या कुलपाचे, म्हणून सगळी पिल्लंही तशीच. एका मादीची अंडी शंभराच्या वर असतात आणि गरम दिवसांत एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. हंगामात चार-पाच पिढ्या. पुढचं गणित तुम्हीच करा.

याच गणिताला तोड म्हणून आश्रय ओळींची, म्हणजे रेफ्युजीची कल्पना निघाली. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, आठवतं? शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावायच्या होत्या. त्या ओळींवर अळ्या पोसल्या जाणार, बोंडं खराब होणार, हे ठरवूनच. त्यातून निघणारे हजारो धडधाकट पतंग शेतात पसरतील आणि बीटीतून वाचलेल्या त्या एकट्या पतंगाला त्यांच्यातलाच जोडीदार मिळेल. मग पिल्लांना एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली मिळेल. पुढच्या पिढीत ती बीटीवर बसली की मरतील. बिघडलेली प्रत अशी गर्दीत विरघळवून ठेवायची होती.

आमच्या घरी ते छोटं पाकीट कधी लावलं गेलं नाही. काही वर्षं ते गोठ्याच्या फळीवर पडून असायचं, नंतर कचऱ्यात जायचं. आजूबाजूलाही तेच होतं. यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. अळीला खायला घालण्यासाठी दोन ओळी लावा, असं ज्याला सांगायचं, त्याला ते का करायचं हे कुणीतरी बांधावर बसून समजावायला हवं होतं. त्यासाठी कागदावर छापलेलं पत्रक पुरत नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, तिच्यात क्राय१एसी हे एकच विष होतं. दोन विषांचं बोलगार्ड-२ २००६ मध्ये आलं. २०१० मध्ये गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. २०१४-१५ च्या सुमारास ती दोन विषांच्या कपाशीवरही जगताना दिसू लागली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने पीक अक्षरशः पोखरून काढलं. भारतातल्या अळ्यांचं कॅडहेरिनचं जनुक तपासलं, तेव्हा त्याच्या आठ वेगवेगळ्या मोडक्या प्रती सापडल्या. कुलूप एकाच ठिकाणी मोडलेलं नव्हतं, निरनिराळ्या ठिकाणी मोडलेलं होतं. 'सवय' लागली असती तर असं विस्कळीत चित्र दिसलं नसतं. नकलेतल्या चुका जशा कुठेही होतात, तसंच हे होतं.

इथे एक प्रश्न मला खूप वर्षं छळत होता. हिरवी बोंडअळी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, तिच्यावर बीटी बऱ्यापैकी टिकून राहिली. मग गुलाबीच का हातातून सुटली? हिरवी अळी खादाड आहे. तूर, हरभरा, टोमॅटो, मका, ज्वारी, तिला सगळं चालतं. आपल्या कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. तिथे तिला बीटी भेटत नाही. तिचा आश्रय आपण न लावताच लागलेला आहे. गुलाबी अळी मात्र जवळपास फक्त कापसावर जगते. भेंडीवर थोडी, बाकी नाही. कपाशी सगळी बीटी झाली तर तिला पळायला जागाच उरत नाही. एकाच रानात, एकाच विषापुढे दोन अळ्यांची गोष्ट वेगळी झाली, ती त्या काय खातात यामुळे.

आणखी दोन गोष्टींनी तिला हात दिला. आपण संकरित बियाणं लावतो. त्यात विषाचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे बोंडात जी सरकी धरते, तिच्या प्रत्येक दाण्यात ते उतरतंच असं नाही. एका जनुकाचा विचार केला तर चारातला एक दाणा बिनविषारी निघतो. अळीला सरकीच हवी असते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारीशेजारी असले, की अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्यांनाही निभावून जाता येतं. दुसरी गोष्ट फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे राखणं. झाड शंभर दिवसांपलीकडे गेलं की विषाचं प्रमाण घटू लागतं. पाणी देऊन तीच पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवली, तर एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असणाऱ्या अळ्या, ज्या एरवी मेल्या असत्या, त्याही त्या कमकुवत विषात तगतात. एकदा त्या तगल्या की सगळं गणित वेगाने धावतं.

आतापर्यंत जनुकांचंच बोललो. पण प्राण्यांमधले आणि झाडांमधले सगळे फरक जनुकांचे नसतात, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? एकाच पाकिटातलं बियाणं काळ्या भारी जमिनीत कमरेवर जातं आणि मुरमाड जमिनीत गुडघ्यापाशी थांबतं. मुरमाड जमिनीतल्या त्या खुज्या झाडाची सरकी पुढच्या वर्षी काळ्या जमिनीत टाकली, तर जमिनीमुळे आलेलं ते खुजेपण सोबत येत नाही. हा परिसराने एका जन्मात केलेला बदल. तो पुढे वारशात जात नाही.

गुलाबी अळीत असाच एक बदल आहे आणि तो मला तिच्या विषप्रतिकारापेक्षाही अजब वाटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेली अळी खाते, कोष करते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पतंग होऊन उडते. तिच्याच वंशातली नोव्हेंबर-डिसेंबरातली अळी खाऊन पूर्ण वाढते आणि मग थांबते. कोष करत नाही. दोन सरक्या एकमेकींना रेशमाने चिकटवते, मधल्या पोकळीत शिरते आणि महिनोन्महिने तशीच पडून राहते. जिनिंगमध्ये अशी जोडसरकी हातात आली तर फोडून बघा. या झोपेला सुप्तावस्था म्हणतात. जनुकं तीच, पण दिवस लहान झाले आणि थंडी पडली, की अळी दुसऱ्याच वाटेला लागते. सप्टेंबरातल्या अळीला हिवाळ्यासारखं वातावरण दिलं असतं तर तीही झोपली असती.

मग इथे नैसर्गिक निवडीचं काय काम? दिवस किती लहान झाल्यावर झोपायचं, हा 'नियम' वारशात मिळतो आणि किडी-किडींत तो थोडाथोडा वेगळा असतो. उत्तर अमेरिकेत घटपर्णी नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पेल्यातल्या पाण्यात वाढणारा एक डास आहे. विल्यम ब्रॅडशॉ आणि ख्रिस्तिना होल्झापफेल यांनी १९७२ आणि १९९६ मधल्या नोंदी ताडून पाहिल्या. उत्तरेकडच्या डासांचा झोपेचा मुहूर्त त्या काळात सुमारे ९ दिवस पुढे सरकला होता. थंडी उशिरा पडू लागली, लवकर झोपणारे मागे पडले आणि उशिरा झोपणाऱ्यांची पिल्लं वाढली. परिसर बघून अंग बदलायची रीतही अशी निवडीतून घडत जाते. 'स्वभाव जनुकांचा की परिस्थितीचा' हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. परिस्थितीला उत्तर कसं द्यायचं, हेच जनुकांत लिहिलेलं असतं आणि कुठलं उत्तर टिकेल ते परिस्थिती ठरवते.

बिघडलेलं कुलूप तरी नेहमी फायद्याचंच असतं का? कॅडहेरिन आतड्यात विषासाठी ठेवलेलं नाही, अळीच्या शरीरात त्याचं स्वतःचं काही काम असणार. ते मोडलं की किंमत मोजावी लागते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांना असं आढळलं, की प्रतिकारक्षम अळ्यांमधल्या कमी अळ्या हिवाळ्याच्या झोपेतून जिवंत बाहेर पडतात. म्हणजे बीटीच्या रानात जी अळी पैलवान, ती बिगर बीटीच्या रानात कमजोर. 'सर्वांत बलवान तोच टिकतो' असं आपण म्हणतो, पण कुठे आणि कधी हे जोडल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ मध्ये, आपल्या सहा वर्षं आधी आली. तिथे आश्रयाची कपाशी खरोखर लावली गेली आणि अळी दहा वर्षं बीटीपुढे मरतच राहिली. २००६ पासून त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले अब्जावधी नपुंसक पतंग विमानातून सोडले, म्हणजे उरल्यासुरल्या पतंगांना जोडीदार मिळाला तरी पिल्लं होऊ नयेत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने कापसातून गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात तर गंमतच झाली. शेतकरी स्वस्त पडतं म्हणून संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं लावू लागले. त्यातली सुमारे पाव झाडं आपोआप बिगर बीटी निघाली, म्हणजे प्रत्येक शेतात आश्रय मिसळला गेला. तिथे वाढू लागलेला प्रतिकार पुन्हा खाली आला. अळी तीच, विष तेच. वेगळं होतं ते भोवतालचं रान.

काकांना मी हे सगळं त्या दिवशी धुऱ्यावर बसून सांगितलं. कुलूप-किल्लीचं त्यांना लगेच पटलं. दहा लाखांतल्या एकीचं गणित त्यांनी मला दोनदा करायला लावलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "म्हणजे आपण फवारतो, तिथंबी हेच होते का?" होय, तिथेही हेच होतं. एकाच गटातलं औषध हंगामभर मारत राहिलं, तर त्या औषधाला न जुमानणाऱ्यांची निवड आपणच करतो. १९१४ सालीच अमेरिकेत ए. एल. मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने फळझाडांवरच्या खवले किडीबद्दल हा प्रश्न विचारला होता, तेव्हा औषध होतं चुना आणि गंधकाचं. म्हणून मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे, सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठच्या वर पतंग आले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं खराब दिसली तरच फवारायचं, आणि तेही औषधाचा गट बदलून. डोमकळ्या दिसल्या, म्हणजे पाकळ्या आतून गुंडाळून बंद केलेली ती गुलाबासारखी फुलं, तर तोडून नष्ट करायच्या. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था डिसेंबर-जानेवारीत हंगाम संपवायला आणि फरदड टाळायला सांगते. झोपलेल्या अळीला पुढच्या पिकापर्यंत पोचू न देणं हा त्यामागचा हेतू.

त्या वर्षी आम्ही जानेवारीत शेत मोकळं केलं. पऱ्हाटी मात्र दरवर्षीसारखी सरपणाला म्हणून घरामागे रचली. एप्रिलमध्ये मी त्या ढिगातलं एक वाळलेलं, अर्धवट उमललेलं कवडीचं बोंड काढून हातावर चुरडलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. नखाने उकलल्या, तर आतली गुलाबी अळी उन्हाच्या झळीने हळूच हलली. काकांनी ती बघितली, उठले आणि ढीग उपसायला लागले.